खुनाचा खटला सहा वर्षं उभाच राहत नाही, तेव्हा घरच्यांनी काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 2019 मध्ये तुमच्या मोठ्या भावाचा खून झाला. चार आरोपी. पोलिसांनी 90 दिवसांच्या आत दोषारोपपत्र दाखल केलं, केस सेशन्स कोर्टात कमिट झाली, म्हणजे मॅजिस्ट्रेटने तिकडे पाठवली, आणि तेव्हापासून नुसत्या तारखा पडताहेत. एक आरोपी तुरुंगात, दोघे जामिनावर, चौथा फरार. घटना डोळ्यांनी पाहणाऱ्या एकट्या तुमच्या आई, आणि त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. कोणी मुद्दाम लांबवतंय का, उशीर झाला म्हणून आरोपी सुटतील का, फाशीची शक्यता संपली का, आणि आम्ही नक्की काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सेशन्स कोर्टात फौजदारी काम करतो. बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा असतो, काही वेळा मयताच्या कुटुंबासाठी. त्यामुळे तारीख पडते तेव्हा दोन्ही बाजूंना काय वाटतं हे मला जवळून माहीत आहे. तुमची कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, म्हणून पुढचं बरंचसं 'तुमच्या केसमध्ये असं असेल तर' या धर्तीवर वाचा.

उशीर का होतो याची कारणं कोणीही सांगेल: न्यायाधीश कमी, केसेस जास्त, पोलिसांना बंदोबस्त. ती खरी आहेत, पण त्यातलं तुमच्या हातात काहीच नाही. तुमच्या उपयोगाचा प्रश्न एकच आहे: केस नेमकी कोणत्या टप्प्यावर आणि कशासाठी थांबली आहे? मला भेटायला येणाऱ्या दहापैकी नऊ कुटुंबांना हे सांगता येत नाही. 'तारीख पडते' एवढंच त्यांना माहीत असतं.

याचं उत्तर रोजनाम्यात असतं. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं हे त्यात लिहिलेलं असतं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र) क्रमांक टाकून तारखा दिसतात, पण पूर्ण रोजनामा हवा असेल तर वकिलामार्फत नक्कल अर्ज करा आणि पहिल्या तारखेपासूनची प्रमाणित नक्कल काढा. मग एका वहीत तीन रकाने आखा: तारीख, कोण गैरहजर होतं, काम पुढे का ढकललं. तुमच्यासारख्या केसमध्ये बहुधा अशी नोंद पुन्हा पुन्हा दिसेल: 'आरोपी क्र. 1 कारागृहातून हजर नाही. आरोपी क्र. 2 तर्फे गैरहजेरी माफीचा अर्ज, मंजूर. आरोपी क्र. 4 विरुद्धचे वॉरंट तामील होऊन आले नाही. दोषारोपासाठी नेमले.' पुढच्या तारखेला 2 च्या जागी 3. त्याच्या पुढच्या तारखेला 1 हजर, पण न्यायाधीश रजेवर.

या चार ओळींत तुमच्या सहा वर्षांचा बराचसा हिशेब असू शकतो. दोषारोप निश्चित करायचा (पोलिसांचं दोषारोपपत्र वेगळं) म्हणजे कोर्टाने आरोप ठरवून तो आरोपींना वाचून, समजावून सांगायचा आणि गुन्हा कबूल आहे की नाही ते विचारायचं. त्यासाठी सगळे आरोपी एकाच दिवशी समोर हवेत असा कोर्टाचा कल असतो. चौघे एकदम कधीच हजर नसले की दोषारोप होत नाही, आणि तो झाल्याशिवाय एकाही साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करता येत नाही. यात कट असेलच असं नाही. पण एखाद्या आरोपीने मनात आणलं तर ही फट वापरणं किती सोपं आहे, ते वहीतल्या दुसऱ्या रकान्यातून लगेच कळतं. जामिनावरचे दोघे पाळीपाळीने गैरहजर राहत असतील तर तो योगायोग नसतो.

यातली प्रत्येक अडचण वेगळी सोडवावी लागते. तुरुंगातला आरोपी एस्कॉर्ट, म्हणजे सोबत आणणारे पोलीस, नाही म्हणून आणला जात नसेल, तर त्याला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर करून दोषारोप वाचून दाखवा अशी विनंती सरकारी वकिलांनी करावी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे, आणि जुन्या केसेसमध्येही कोर्टं हा मार्ग घेतात. जामिनावरच्या दोघांच्या गैरहजेरी माफीच्या अर्जांवर सरकारी वकिलांनी लेखी हरकत घ्यावी आणि 'पुढील तारखेस सर्व आरोपींनी जातीने हजर राहावे' असा आदेश मागावा. त्यानंतरही कोणी आला नाही तर वॉरंट, आणि तरीही तेच चाललं तर जामीन रद्द करण्याचा अर्ज. फरार आरोपीसाठी बाकीच्या तिघांचा खटला अडवून ठेवायची गरज नाही. जाहीरनामा आणि मालमत्ता जप्तीची कारवाई झाली असेल तर त्याची केस वेगळी काढून तिघांविरुद्ध पुढे जाता येतं. शिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 299 खाली फरार आरोपीविरुद्धचा पुरावा त्याच्या गैरहजेरीत नोंदवता येतो. पुढे तो सापडला आणि तोवर साक्षीदार हयात नसेल तर ती साक्ष त्याच्याविरुद्ध वापरता येते. तुमच्या आईंचं वय पाहता हे कलम तुमच्यासाठी फार मोलाचं आहे.

आणखी एक जागा तपासा. एखाद्या आरोपीने कलम 227 खाली दोषमुक्तीचा (खटला चालवण्याइतका आधारच नाही, म्हणून सोडा असा) अर्ज दिला आहे का? तो फेटाळल्यावर हायकोर्टात गेला आहे का? गेला असेल तर हायकोर्टाने खटल्याला स्थगिती दिली आहे का? नुसता अर्ज पडून असणं वेगळं आणि स्थगिती असणं वेगळं. पुष्कळ केसेसमध्ये स्थगितीचा आदेश कुठेच नसतो, तरी 'हायकोर्टात मॅटर प्रलंबित' एवढ्या शब्दांवर खालचं कोर्ट वर्षभर थांबतं. स्थगिती नसेल तर ते सरकारी वकिलांमार्फत कोर्टाच्या नजरेला आणून द्या. असेल, तर ती उठवण्यासाठी राज्य सरकारतर्फे आणि तुमच्यातर्फेही हायकोर्टात अर्ज करावा लागेल. स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपते असं तुम्हाला कोणी सांगेल. सुप्रीम कोर्टाचा तसा 2018 चा निकाल होता, पण 29 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो रद्द केला.

नव्या कायद्यात मुदती आहेत हे खरं. दोषमुक्तीचा अर्ज केस कमिट झाल्यापासून 60 दिवसांत, दोषारोप पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत, युक्तिवाद संपल्यावर निकाल 30 दिवसांत, फार तर 45. पण तुमची केस 2019 ची. 1 जुलै 2024 ला प्रलंबित असलेले खटले जुन्या संहितेप्रमाणेच चालतात, त्यामुळे या मुदतींवर तुम्हाला थेट बोट ठेवता येणार नाही. जुन्या कायद्याचं कलम 309 मात्र तुमचंच आहे: साक्षी सुरू झाल्या की हजर साक्षीदार संपेपर्यंत रोजच्या रोज काम चालवायचं, आणि वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. ते रोज पाळलं जात नाही हे तुम्हाला दिसतंच आहे, पण लेखी अर्जात त्याचा आधार घेतला की तहकुबी देताना न्यायाधीशांना कारण लिहावं लागतं.

दोषारोपापर्यंतचा काळच बहुतेक वर्षं कशी खाऊन टाकतो, याचं आपल्या सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाचं. खून 20 ऑगस्ट 2013 चा. दोषारोप निश्चित झाला सप्टेंबर 2021 मध्ये आणि निकाल आला 10 मे 2024 ला. म्हणजे पहिली आठ वर्षं खटला उभा राहण्यातच गेली, आणि एकदा उभा राहिल्यावर तीन वर्षांच्या आत संपला. तिथे तपासच लांबला होता, आरोपी टप्प्याटप्प्याने अटक होत गेले. याउलट कोपर्डीचा गुन्हा जुलै 2016 चा आणि फाशीची शिक्षा नोव्हेंबर 2017 ची. आरोपी ताब्यात होते, तपास वेळेत संपला होता आणि सरकार पक्ष प्रत्येक तारखेला तयार होता. दोन्ही खटले चालले ते एकाच राज्यात, एकाच कायद्याखाली.

आता कुटुंबाच्या हातात काय आहे ते. फौजदारी खटल्यात तुम्ही पक्षकार नसता, पक्षकार असतं सरकार. पण तुम्ही नुसते प्रेक्षकही नाही. तुम्ही स्वतःचा वकील लावू शकता, तो सरकारी वकिलांना मदत करतो आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतो. साक्षीदारांना तो स्वतः प्रश्न विचारू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. एप्रिल 2022 मध्ये, लखीमपूर खेरी प्रकरणात, त्याच कोर्टाने असंही सांगितलं की पीडित पक्षाला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. तेव्हा जामिनाच्या अर्जावर, गैरहजेरी माफीवर, तहकुबीवर तुमचं म्हणणं ऐकलं जावं अशी मागणी तुम्ही करू शकता. माझा सल्ला असा की सरकारी वकिलांशी भांडू नका. त्यांच्याकडे एका दिवशी बोर्डावर कितीतरी केसेस असतात. तुमची वही, रोजनाम्याच्या नकला आणि तयार मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेलात तर तुमचा अर्ज त्या आठवड्यात दाखल व्हायची शक्यता खूप वाढते. पोलीस ठाण्याच्या पैरवी अंमलदाराचं नाव-नंबर घ्या. समन्स, वॉरंट, मुद्देमाल, आणि अजून आलेला नसेल तर सीए रिपोर्ट (रासायनिक तपासणीचा अहवाल), या सगळ्याचा पाठपुरावा त्याच्याकडून होतो.

विशेष सरकारी वकील नेमून घ्या असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. जरा थांबून विचार करा. नेमणूक राज्य सरकार करतं, त्याला वेळ लागतो, आणि 'नेमणूक प्रलंबित' या कारणावरच तारखा पडत राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. नामांकित वकिलांच्या हातात अशा बऱ्याच केसेस असतात, त्यामुळे पुढे त्यांच्या तारखा जुळवाव्या लागतात. सध्याचे सरकारी वकील केस वाचून येत असतील तर मी त्यांनाच धरून राहीन. ते वाचूनच येत नसतील किंवा आरोपींच्या दबावाखाली आहेत अशी ठोस शंका असेल, तरच अर्ज करा.

खटला ठरावीक मुदतीत संपवा असा आदेश हायकोर्टाकडून आणता येतो का? येतो, पण 2024 च्या त्याच घटनापीठाने सांगितलंय की असे आदेश अपवादानेच द्यावेत, कारण कोणती केस आधी घ्यायची हे त्या त्या कोर्टाला जास्त कळतं. म्हणून 'सहा वर्षं झाली' एवढंच लिहून जाऊ नका. एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार वृद्ध आहे, सरकार पक्षाने इतक्या वेळा विनंती केली, आरोपी असे असे गैरहजर राहिले, हे तारखांनिशी दाखवा. खालच्या कोर्टात लेखी अर्ज केलेलेच नसतील तर हायकोर्टाचा पहिला प्रश्न तोच असेल.

आईंच्या साक्षीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या दृष्टीने तुमच्या केसमधली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. पोलिसांनी घेतलेला जबाब हा पुरावा नसतो. साक्ष नोंदवण्याआधी आईंचं काही बरंवाईट झालं तर तो जबाब कोर्टात वाचता येणार नाही. मॅजिस्ट्रेटसमोर कलम 164 खाली जबाब झाला असला तरी तोही त्यांच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून दोषारोप होताच पहिली साक्ष आईंची घ्यावी, असा अर्ज वयाच्या आणि आजारपणाच्या कागदांसह आजच तयार ठेवा. सरतपास (सरकारी वकिलांनी आधी घेतलेली साक्ष) झाल्यावर बचाव पक्ष बहुधा म्हणेल की बाकी साक्षीदार झाल्यावर उलटतपास घेऊ. आरोपीचा वकील म्हणून हे मी स्वतः मागितलं आहे, आणि काही केसेसमध्ये त्याला रास्त कारणही असतं. पण वृद्ध साक्षीदाराच्या बाबतीत कोर्टाने ते सहज मान्य करू नये. सरतपासानंतर वीस महिन्यांनी उलटतपास झालेल्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 2015 मध्ये अत्यंत कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली होती. त्या मधल्या काळात साक्षीदाराला गाठलं जातं, समजावलं जातं, धमकावलं जातं. आईंवर कोणी दबाव आणत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना, 2018 खाली जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. फोन आला, कोणी घरी येऊन गेलं, तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी द्या. तोंडी सांगून ठेवलेल्या धमकीचा पुढे काही उपयोग होत नाही.

फिर्यादीच्या कुटुंबांना एक गोष्ट ऐकायला जड जाते, तरी सांगतो. उशिराचा फायदा सगळ्या आरोपींना होत नाही. बाहेर असलेल्या दोघांना होत असेल. आत असलेला मात्र निकालाशिवाय वर्षानुवर्षं कोंडलेला आहे. कच्च्या कैद्याला निम्मी शिक्षा भोगल्यावर सोडायचा नियम खुनाला लागू नाही, कारण या गुन्ह्याला फाशी हीसुद्धा एक शिक्षा आहे. पण घटनेच्या अनुच्छेद 21 खालचा जलद खटल्याचा हक्क त्यालाही आहे. सुप्रीम कोर्ट 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणापासून हे सांगत आलं आहे, आणि जुलै 2024 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात चार वर्षं दोषारोपच झाला नाही म्हणून त्या कोर्टाने जामीन दिला. गुन्हा कितीही गंभीर असो, खटला लवकर चालवता येत नसेल तर केवळ गंभीरपणा दाखवून जामिनाला विरोध करता येणार नाही, असं तिथे म्हटलंय. तेव्हा तुमच्या केसमधल्या आतल्या आरोपीला उद्या जामीन मिळाला तर खचू नका. जामीन म्हणजे सुटका नव्हे, आणि निव्वळ उशिरामुळे खुनाचा खटला सहसा रद्द होत नाही. त्यासाठी ठराविक वर्षांची मर्यादा घालायला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2002 मध्येच नकार दिला आहे. उलट, साक्षी सुरू झाल्या की खुनासारख्या गुन्ह्यात कोर्टाने जामीन द्यायला सहसा राजी होऊ नये, असं सुप्रीम कोर्ट नोव्हेंबर 2024 मध्ये म्हणालं. दोषारोप लवकर व्हावा यासाठी तुम्ही धडपडायचं, त्याचं हेही एक कारण आहे.

फाशीबद्दल. खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, हे 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून ठरलेलं आहे. 'दुर्मिळातलं दुर्मिळ' प्रकरण असेल तरच. तुमच्या भावाच्या प्रकरणात ती होईल असं आश्वासन कोणताही वकील देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. खटला सुरू व्हायला लागलेला वेळ ही फाशी टाळायची स्वतंत्र सबब होत नाही. ज्या विलंबामुळे फाशीची जन्मठेप होते तो वेगळा: शेवटचा निकाल लागल्यानंतर दयेच्या अर्जात किंवा अंमलबजावणीत झालेला. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात दोन बहिणींना 2001 मध्ये फाशी झाली, सुप्रीम कोर्टाने ती 2006 मध्ये कायम केली, आणि दयेच्या अर्जातल्या विलंबामुळे मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2022 मध्ये त्या फाशीची जन्मठेप केली.

आणि म्हणूनच, लवकर व्हावं असं म्हणताना कसंही उरका असं म्हणू नका. मध्य प्रदेशात खांडव्याला 2013 मध्ये एका लहान मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. ज्या दिवशी आरोपीला मोफत वकील दिला त्याच दिवशी दोषारोप झाला, आणि दोन आठवड्यांच्या आसपास फाशीची शिक्षाही. डिसेंबर 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो सगळा खटला रद्द करून पुन्हा चालवायला सांगितलं, कारण वकिलाला तयारीला वेळच मिळाला नव्हता. फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असलेल्या केसमध्ये मोफत वकील किमान दहा वर्षं अनुभवाचा हवा आणि त्याला तयारीसाठी किमान सात दिवस मिळायला हवेत, असंही सांगितलं. पुढे 2024 मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला. त्या मुलीच्या आईवडिलांना अकरा वर्षांनंतरही, हे कोणी केलं, याचं उत्तर मिळालेलं नाही. म्हणून बचावाच्या वकिलाने कागद वाचायला, तज्ज्ञाला प्रश्न विचारायला वेळ मागितला तर तो तुमच्या विरोधात आहे असं समजू नका. अपिलात टिकणारा निकाल हवा असेल तर तो वेळ द्यावाच लागतो. हरकत घ्यायची ती कारण नसलेल्या तारखांना.

वेळ वाचवायची एक साधी जागा मात्र बहुतेक ठिकाणी वापरलीच जात नाही. कलम 294 प्रमाणे सरकारी वकील बचाव पक्षाला विचारू शकतात की कोणती कागदपत्रं तुम्हाला मान्य आहेत. इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, घटनास्थळाचा नकाशा, कधी कधी शवविच्छेदन अहवालसुद्धा मान्य होतो, आणि मग तेवढे साक्षीदार बोलवावे लागत नाहीत. बदली झालेले, निवृत्त झालेले डॉक्टर आणि पोलीस शोधण्यात जाणारा काळ वाचतो. तुमच्या वकिलांना सांगा, दोषारोपाच्या दिवशीच ही यादी सरकारी वकिलांच्या हातात द्या.

आईंनी दर तारखेला यावं का, हेही तुम्ही विचारलंय. सध्या नको. दोषारोपाच्या तारखांना त्यांचं काही काम नसतं, आणि बाकावर आरोपींच्या नातेवाइकांशेजारी तासन्‌तास बसणं त्यांच्या तब्येतीलाही बरं नाही आणि साक्षीलाही. तुम्ही किंवा तुमच्या वकिलांनी हजर राहावं आणि त्या दिवशीचा रोजनामा संध्याकाळी पाहावा. साक्षीचं समन्स आलं की त्याआधी सरकारी वकिलांची वेळ घ्या आणि आईंना त्यांच्या जबाबाची प्रत वाचून दाखवा. चालणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घ्यावी असा अर्ज आधीच द्या, ऐनवेळी नको. रोजनाम्याची नक्कल हाती आली की शेवटच्या पाचसहा तारखांच्या नोंदी, नावं झाकून, इथे लिहा. केस कुठे अडली आहे ते पाहून पुढच्या तारखेला कोणता अर्ज द्यायचा ते सांगतो.